साहेब नसलेले साहेब

बांधकाम खात्यात साहेब पुष्कळ होते. पण ज्यांना सगळे नुसतंच ‘साहेब’ म्हणत, ते मात्र साहेब नव्हते. ते पर्यवेक्षक होते. सरकारी इमारतीचं काम चालू असेल तिथे दिवसभर उभं राहायचं, सिमेंटमध्ये वाळू जास्त पडत नाही ना ते पाहायचं, भिंत ओळंब्यात आहे ना ते पाहायचं, आणि जे पाहिलं ते संध्याकाळी वर कळवायचं. पाहणं आणि कळवणं, एवढीच नोकरी. एक खिळा जास्तीचा ठोकायला सांगायचा अधिकार त्यांना नव्हता. पण हे त्यांच्याकडे बघून कुणाला खरं वाटलं नसतं.

दोष असलाच तर अंगकाठीचा होता. उंची भरपूर, कपाळ रुंद, केस अगदी सारखे पांढरे झालेले, आणि आवाज असा की ते हळू बोलले तरी खोलीतले बाकीचे गप्प व्हावेत. बँकेत गेले की शिपाई खुर्ची पुढे करायचा. कुठे रांगेत उभे राहिले की पुढचा माणूस उगाचच बाजूला सरकायचा. एकदा एका अनोळखी कचेरीत ते मजला चुकून भलत्याच खोलीत शिरले, तर तिथली सगळी माणसं उठून उभी राहिली. साहेब म्हणाले, “बसा, बसा,” आणि बाहेर पडले. ही गोष्ट त्यांची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. “‘चुकलो’ म्हणायचं सोडून ‘बसा, बसा’ म्हणून आले! नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ते हे आमचे.”

साहेबही हसायचे. तरुणपणी त्यांनी अभियंता व्हायची खात्याची परीक्षा दोनदा दिली होती आणि दोन्ही वेळा गणिताने त्यांना खाली पाडलं होतं. तिसऱ्यांदा ते बसलेच नाहीत. पुढे लोक आपणहून साहेब म्हणायला लागले, तेव्हा त्यांना वाटलं, चला, परीक्षा न देताच निकाल लागला. कुणाला त्यांनी तसं म्हणायला सांगितलं नाही. पण म्हणू नका असंही कधी सांगितलं नाही.

आणि त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: ‘मी बघतो.’ गवंडी म्हणाला, साहेब, चौकट तिरकी वाटते, तर ‘मी बघतो’. शेजारी म्हणाला, जिन्यातला दिवा गेला, तर ‘मी बघतो’. घरी नळ गळायला लागला तरी तेच. मग बायको एकदोन दिवस वाट पाहून नळवाल्याला बोलवायची आणि म्हणायची, “तुम्ही बघा हो निवांत, मी दुरुस्त करून घेते.” पण कामावर गंमत अशी व्हायची की साहेबांनी ‘मी बघतो’ म्हटलं की निम्म्या गोष्टी आपोआप होऊन जायच्या. ऐकणाऱ्याला वाटायचं, साहेबांनी हुकूम दिला. साहेबांना वाटायचं, आपण नुसतं धीर दिला. वर्षानुवर्षं असंच चालत आलं आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

बिघडलं ते इस्पितळाच्या कामात.

जुनं सरकारी इस्पितळ होतं. पुढच्या इमारतीत तपासणी, मागच्या इमारतीत वॉर्ड, मध्ये उघडा चौक. काम काही मोठं नव्हतं. मागच्या इमारतीच्या पायऱ्यांच्या फरश्या बदलायच्या, व्हरांड्याची गळती बंद करायची आणि भिंती रंगवायच्या. टेंडर एका बाईंना मिळालं. बाईंचे वडील घरं बांधायचे. भावाला सिमेंटच्या धुळीने शिंका यायच्या म्हणून त्याने कापडाचं दुकान काढलं आणि धंदा बाईंकडे आला. खाजगी घरं बांधून त्यांचा हात चांगला बसला होता, पण सरकारी काम पहिलंच. बोलणं बेताचं, पायात कामगारांसारखे जाड बूट, आणि वीट हातात आली की दुसऱ्या विटेवर वाजवून तिचा आवाज ऐकायची सवय.

पहिल्या दिवशी कार्यकारी अभियंता स्वतः आले. त्यांना सगळे ‘मोठे साहेब’ म्हणत, आमच्या साहेबांपासून वेगळं ओळखता यावं म्हणून. त्यांना पुढे कुठेशी बैठक होती, त्यामुळे गाडीचं दार त्यांनी उघडंच ठेवलं होतं. चौकात बाई उभ्या होत्या, इस्पितळाच्या मेट्रन उभ्या होत्या, जरा मागे साहेब. मोठ्या साहेबांनी साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाईंना म्हणाले,

“हे आमचे पर्यवेक्षक. रोज इथे असतील. काही लागलं, काही अडलं, यांना विचारायचं. हे म्हणजे मीच समजा.”

आणि गाडीत बसून गेलेसुद्धा. साहेबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. इतक्या वर्षांत वरच्या माणसाने त्यांच्याबद्दल चारचौघांत असं पहिल्यांदाच म्हटलं होतं. त्या दिवशी घरी त्यांनी ते वाक्य बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, “पगार पण त्यांचाच समजायचा का?”

काम नीट चाललं होतं. मग एका सकाळी मागच्या पायऱ्यांवर गोंधळ झाला. पाय मोडलेल्या एका शिंप्याला स्ट्रेचरवरून तपासणीला न्यायचं होतं. पायऱ्या उंच आणि झिजलेल्या, वर कामामुळे वाळू सांडलेली. वॉर्डातली माणसं स्ट्रेचर उचलून खाली उतरत होती, तेवढ्यात एकाचा पाय सरकला. स्ट्रेचर कलंडलं. शिंप्याने जे हाताला लागलं ते धरलं, आणि हाताला लागली ती शेजारी उभ्या असलेल्या साहेबांची कॉलर. साहेब कठड्याला धरून राहिले म्हणून दोघेही वाचले. शिंप्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. खाली उतरवल्यावर त्याने आधी श्वास घेतला आणि मग म्हणाला, “शिवण पक्की आहे साहेब. कुणाकडे शिवता?”

सगळे हसले. मेट्रनबाई मात्र हसल्या नाहीत. त्या ठेंगण्या, पण त्यांच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती.

“साहेब, ह्याच पायऱ्यांवर तुम्ही नव्या गुळगुळीत फरश्या बसवणार. म्हणजे आता लोक अडखळून पडतात, ते उद्या घसरून पडतील. रोज ह्या माणसांना मी अशी उचलून न्यायला लावते. एवढे मोठे साहेब तुम्ही, एक रॅम्प करून देता येत नाही?”

त्या क्षणी खरं उत्तर अगदी सोपं होतं. ‘मी मोठा नाही, मला नाही देता येत, मी वर कळवतो,’ बस. पण कॉलर चुरगळलेली, समोर तो शिंपी, भोवती वॉर्डातली माणसं, आणि मेट्रनबाईंनी म्हटलेलं ते ‘एवढे मोठे साहेब’. साहेब वळले आणि कंत्राटदार बाईंना म्हणाले,

“बाई, इथून रॅम्प निघेल?”

बाईंनी पायऱ्यांकडे पाहिलं, भिंतीच्या कडेने जरा चालून आल्या. “निघेल. सरळ काढला तर चढ खडा होईल, भिंतीजवळून वळवून घ्यायला हवा. दोन्हीकडे कठडे. पण साहेब, हे आपल्या कामात नाही. वरून मंजुरी लागेल ना?”

“मी बघतो. तुम्ही सुरू करा.”

“नक्की?”

“अहो, सुरू करा म्हणतोय ना.”

बाईंनी सुरू केलं. त्यांना मोठ्या साहेबांचं वाक्य चांगलं आठवत होतं, आणि समोरच्या माणसाकडे पाहून शंका येण्यासारखं काही नव्हतं.

साहेब विसरले असं कुणी समजू नये. दुसऱ्याच दिवशी ते कचेरीत गेले. मोठे साहेब बैठकीत होते. पुन्हा गेले, तर फोनवर होते. तिसऱ्या खेपेला भेटले, पण समोर सह्यांसाठी फायलींचा ढीग आणि बाजूला पुढची फाईल घेऊन उभा कारकून. साहेबांनी सांगितलं, “इस्पितळाच्या मागच्या बाजूला पेशंटसाठी एक रॅम्प करायला घेतलाय, साहेब. मेट्रनबाईंची मागणी होती. जरा जास्तीचं काम आहे.” मोठ्या साहेबांनी मान वर केली नाही. “हं,” म्हणाले. सही केली. पुन्हा “हं” म्हणाले. साहेबांनी तो होकार समजला. दोन ‘हं’ मिळून एक ‘हो’ होतो, असं त्यांना वाटलं असावं. ज्या चुकीने लोक त्यांना साहेब समजत, तीच चूक ते त्या दिवशी स्वतः करून आले.

रॅम्प फार सुरेख झाला. चढ इतका हलका की चाकाची खुर्ची एका हाताने ढकलता यावी. बाईंनी कठड्याचा नळ गोल आणि गुळगुळीत घेतला, आणि लहान मुलांसाठी खाली आणखी एक बसवला, तो मात्र आपल्या मनाने. पहिल्या दिवशी वॉर्डातली माणसं उगाचच रिकामं स्ट्रेचर वरखाली फिरवत बसली. मेट्रनबाईंनी साहेबांना आणि बाईंना बोलावून चहा पाजला. मेट्रनबाईंचा चहा मिळणं ही त्या इस्पितळात पदकासारखी गोष्ट होती.

काम संपत आलं, तेव्हा खात्याच्या मंत्रीबाई पाहणीला आल्या. वयस्कर होत्या, हातात काठी, गुडघे दुखरे. पायऱ्यांपाशी त्या थबकल्या, तशी मोठ्या साहेबांनी हात पुढे केला. “इकडून या मॅडम. रुग्णांसाठी आणि ज्येष्ठांसाठी खात्याने ही खास सोय केली आहे.” मंत्रीबाई रॅम्पवरून वर गेल्या, कठड्यावरून हात फिरवत म्हणाल्या, “छान केलंय. चढ लागतच नाही.” मोठे साहेब म्हणाले, “आमच्या खात्याची कल्पना, मॅडम.” साहेब आणि बाई रंगाच्या डब्यांपाशी उभे राहून हे ऐकत होते. बाई हळूच म्हणाल्या, “चला, मोठ्या साहेबांनाही आवडला.” साहेबांचा जीव भांड्यात पडला. आता कसली मंजुरी नि कसलं काय, असं त्यांना वाटलं.

पण सरकारात वाहवा आणि मंजुरी या दोन वेगळ्या खिडक्या असतात. बाईंचं बिल गेलं, हिशेब तपासणाऱ्यांनी विचारलं, हा रॅम्प कुणी मंजूर केला? मोठ्या साहेबांनी कानावर हात ठेवले. बाईंना कळवण्यात आलं की मंजुरी नसलेल्या कामाचे पैसे मिळणार नाहीत, आणि अनधिकृत बांधकाम त्यांनी स्वतःच्या खर्चाने काढून जागा होती तशी करून द्यावी.

बाई साहेबांच्या घरी आल्या त्या रविवारी दुपारी. साहेब खिडकीपाशी बसून चष्म्याची काच पुसत होते. बायकोने बाईंना आत घेतलं, पाणी दिलं आणि ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. बाईंनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर साहेबांना सोपं गेलं असतं.

“साहेब, मला एवढंच सांगा. मला रॅम्प करायला सांगायचा अधिकार तुम्हाला होता की नव्हता?”

“नव्हता.”

“मग तेव्हा का नाही सांगितलंत?”

साहेबांच्या तोंडून निघून गेलं, “तुम्ही विचारलं नाहीत.”

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मी ‘नक्की?’ असं विचारलं होतं.”

बाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. कामगारांची मजुरी त्यांनी आपल्या पदरची दिली होती. सळईवाल्याला थांबवून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, “पैशाचं मी निभावून नेईन. खरं सांगू का, तो रॅम्प पाडायला लावताहेत, ते जास्त लागलंय. मी लवादाकडे जाणार आहे. तुम्हाला बोलावतील. काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.”

त्या गेल्यावर बायकोने टोमणा मारला नाही. साहेबांना ते फार जड गेलं. ती नुसती म्हणाली, “चहासुद्धा नाही घेतला बाईने.”

पुढच्याच आठवड्यात मोठ्या साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं, खुर्चीवर बसवलं, आणि तिथेच साहेबांना काहीतरी खटकलं, कारण त्या खुर्चीवर त्यांना आजवर कुणी बसवलं नव्हतं.

“लवादापुढे साक्ष होईल तुमची,” मोठे साहेब म्हणाले. “सोपं आहे. ‘बाईंशी रॅम्पबद्दल बोलणं झालं, पण करा असं मी म्हटलं नाही. त्यांनी आपल्या जबाबदारीवर केलं.’ एवढंच म्हणायचं. तुमची निवृत्ती जवळ आलीय, उगाच आयुष्यभराच्या नोकरीला डाग नको.”

साहेब म्हणाले, “मी तुम्हाला सांगितलं होतं, साहेब. तुम्ही सह्या करत होतात.”

“मी ‘हो’ म्हणालो होतो का?”

“नाही. ‘हं’ म्हणालात.”

“मग!” मोठे साहेब म्हणाले आणि हसले. माणूस तसा वाईट नव्हता. भ्यालेला होता.

बाहेर सरकारी वकील भेटले. तरुण, हुशार, आणि मनाने मोकळे. त्यांनी साहेबांना व्हरांड्यात घेतलं आणि कायदा समजावून सांगितला. “हे बघा, दुकानदाराच्या गल्ल्यावर बसलेल्या माणसाने भाव ठरवला तर दुकानदार बांधला जातो. गिऱ्हाईक काय, गल्ल्यावर कोण बसलंय तेच बघणार. सरकारचं तसं नाही. पैसा लोकांचा. उद्या कुणीही रुबाबदार माणूस उभा राहून ‘करा’ म्हणाला आणि सरकारने पैसे द्यायचे ठरले, तर तिजोरीला दारच राहायचं नाही. म्हणून सरकारशी व्यवहार करणाऱ्याने समोरच्याला खरोखर अधिकार आहे का ते स्वतः बघायचं असतं. नुसता दिसून चालत नाही.”

“म्हणजे मी ‘हो, मी सांगितलं’ असं म्हटलं तर?”

“तरी सरकार बांधील नाही. बाईंना त्याचा काडीचा उपयोग नाही, आणि तुमच्यावर मात्र कारवाई. ‘नाही’ म्हणालात तर निदान तुम्ही तरी सुटाल.”

साहेब त्या दिवशी बसने न जाता चालत घरी गेले. जेवताना त्यांनी वकिलाचं सगळं बोलणं बायकोला सांगितलं. ती भाजी वाढता वाढता थांबली.

“कायद्याचं मला कळत नाही. पण तुम्ही ‘नाही’ म्हणालात, तर ती बाई काय ठरेल?”

“खोटी.”

“आणि ‘हो’ म्हणालात तर?”

“पैसे नाहीतच मिळायचे तिला.”

“ते नाही विचारलं मी.”

साहेब म्हणाले, “मग खोटी नाही ठरणार.” बायकोने भाजी वाढली. त्या विषयावर घरात पुन्हा बोलणं झालं नाही.

लवाद म्हणून एक निवृत्त न्यायाधीश नेमले होते. त्यांची खोली साधीच होती. लांब टेबल, काचेचं पाण्याचं भांडं, खिडकीतून समोरच्या छपाईखान्याचा आवाज. न्यायाधीशांना ऐकायला जरा कमी येत असे, म्हणून ते बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघायचे आणि त्यामुळे माणूस उगाच तोलून बोलू लागे. साहेब आत आले, तसा नेहमीप्रमाणे दाराशी बसलेला टंकलेखक उठून उभा राहिला. न्यायाधीशांनी ते पाहिलं.

सरकारी वकिलांनी विचारलं, “तुम्ही या कंत्राटदार बाईंना रॅम्प बांधण्याची सूचना दिलीत का?”

“दिली.”

वकिलांनी हातातला कागद खाली ठेवला. मोठे साहेब छताकडे बघू लागले.

“नेमके शब्द काय होते?”

“‘मी बघतो. तुम्ही सुरू करा.’”

“‘मी बघतो’ म्हणजे मी विचारून बघतो, असाही अर्थ होतो ना? म्हणजे अजून काही ठरलेलं नाही, असा?”

“होतो,” साहेब म्हणाले. “माझ्या घरी तर त्याचा अर्थ काहीच होणार नाही असा घेतात.” टंकलेखक हसला. “पण बाईंना ते ठाऊक नव्हतं. आणि मी त्यापुढे ‘सुरू करा’ म्हणालो होतो. त्याचा एकच अर्थ होतो.”

“तुम्हाला तसा अधिकार होता?”

“नव्हता. कधीच नव्हता.”

न्यायाधीश पुढे झुकले. “मग या बाईंनी तुमचं का ऐकलं, असं तुम्हाला वाटतं?”

हे साहेबांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. “माझं सगळेच ऐकतात, साहेब. दिसतोच मी असा. पण बाई नुसत्या दिसण्याला भुलल्या नाहीत. पहिल्या दिवशी आमच्या मोठ्या साहेबांनी मेट्रनबाईंसमोर त्यांना सांगितलं होतं, ‘हे म्हणजे मीच समजा.’ ते चुकीचं आहे हे बाईंना कळायला मार्ग नव्हता. मला होता. मी तिथेच सांगायला हवं होतं. मला ते ऐकायला बरं वाटलं, म्हणून मी गप्प बसलो.”

मग न्यायाधीशांनी मोठ्या साहेबांना एकच गोष्ट विचारली: मंत्रीबाई आल्या त्या दिवशी त्यांना कुठून वर नेलं? मोठे साहेब प्रामाणिकपणे म्हणाले, रॅम्पवरून. आणि तो कुणाचा म्हणून सांगितलात? मोठ्या साहेबांनी रुमाल काढला. “खात्याचा,” ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की न्यायाधीशांना ते उत्तर दुसऱ्यांदा मागावं लागलं.

निकाल यायला वेळ लागला, आणि तो कुणाच्याच मनासारखा आला नाही. न्यायाधीशांनी सरकारी वकिलांचं म्हणणं मान्य केलं. पर्यवेक्षकाला अधिकार नव्हता. तो असल्यासारखा दिसला, किंवा कुणी सहज बोलून तसा भास करून दिला, म्हणून सरकार करारात बांधलं जात नाही. बाईंनी वरच्यांची मंजुरी हातात येईपर्यंत थांबायला हवं होतं. इथवर वाचून बाईंनी कागद मिटला होता, असं त्या नंतर सांगायच्या. त्यांच्या वकिलाने त्यांना पुढचं वाचायला लावलं. पुढे लिहिलं होतं की ज्या अधिकाऱ्याला खरा अधिकार होता, त्यानेच हे काम पाहिलं, वापरलं आणि आपल्या खात्याचं म्हणून मिरवलं. काम फुकट करून देण्याचा बाईंचा हेतू कधीच नव्हता. ज्याने लाभ ठेवून घेतला, त्याने त्याचं वाजवी मोल द्यावं. नफा नाही, मागितलेली पूर्ण रक्कमही नाही. माल आणि मजुरी. आणि रॅम्प पाडायचा नाही. खालचा लहान मुलांचा कठडा मात्र बाईंनी आपल्या मनाने बसवला होता, त्याचे पैसे काही मिळाले नाहीत.

मोठ्या साहेबांना कडक शब्दांत समज मिळाली, आणि पुढे कुणाची ओळख करून देताना ते फार सांभाळून बोलू लागले. साहेबांची एक वेतनवाढ रोखली गेली आणि बदली झाली खात्याच्या गोदामात. तिथे नळ, तोट्या, रंगाची पिंपं, आणि बोलायला माणूस नाही. पहिले काही दिवस साहेबांना ते फार लागलं. संध्याकाळी घरी येऊन ते गप्प बसायचे. बायको कामापुरतं बोलायची आणि मध्येच उठून त्यांच्या आवडीचं काहीतरी करून आणायची. एकदा त्यांनी विचारलं, “मी मूर्खपणा केला का गं?” ती म्हणाली, “रॅम्प सांगितलात तेव्हा केलात. नंतर नाही केलात.”

हळूहळू ते रुळले. तिथेही माल न्यायला येणारे त्यांना बघून ‘साहेब’ म्हणायचेच. पण आता साहेब लगेच सांगायचे, “मी इथला सांभाळणारा. देणं न देणं माझ्या हातात नाही. वरून चिठ्ठी आणा, मग मोजून देतो.” लोकांना ते नम्रतेचं वाटायचं आणि त्यांच्याबद्दलचा आदर आणखीच वाढायचा. याला काही उपाय नव्हता.

निवृत्तीनंतर एका सकाळी दाराशी जाड बुटांचा आवाज आला. बाई होत्या. या खेपेला त्यांनी चहा घेतला आणि दुसऱ्यांदाही घेतला. त्यांची आता गावाबाहेर घरांची कामं चालू होती आणि साइटवर लक्ष ठेवायला भरवशाचा माणूस हवा होता.

साहेब म्हणाले, “बाई, माझ्यावर भरवसा? तुम्ही?”

“मला माणसाने आधी चुकून ‘हो’ म्हटलेलं चालतं,” बाई म्हणाल्या, “नंतर ‘मी म्हटलंच नाही’ म्हणणारा चालत नाही. असली माणसं मी बरीच पाहिली.” मग जरा हसून पुढे म्हणाल्या, “आणि तुम्ही नुसते उभे राहिलात तरी कामगार वेळेवर येतात.”

“काय काय सांगू शकतो मी तिथे, ते आधी ठरवा. अगदी नीट.”

बाईंनी ठरवलं. विटा परत पाठवायचा अधिकार साहेबांना, सिमेंट थांबवायचा अधिकार साहेबांना; घरमालकाने नकाशाबाहेरचं काही मागितलं, तर त्यांनी फक्त ऐकून घ्यायचं. बायको आतून म्हणाली, “सकाळी किती वाजता न्याल ह्यांना? लवकर न्या.”

तेव्हापासून साहेब रोज साइटवर जातात. परवा एका घराचे मालक आले, भिंतीजवळ उभ्या असलेल्या साहेबांपाशी आपोआप पोचले आणि म्हणाले, “साहेब, ही खिडकी जरा मोठी करता येईल का? सकाळचं ऊन आत येईल.” साहेबांनी खिडकीकडे पाहिलं. मोठी केली असती तर खरंच छान दिसली असती, आणि तसं त्यांनी मालकांना सांगितलंही.

“पण ते बाईंना विचारा,” ते म्हणाले. “त्या पलीकडे आहेत, वाळूच्या ढिगामागे.”

मालक तिकडे गेले. साहेब सावलीत एका पालथ्या घमेल्यावर बसले, डोक्यावरची टोपी काढून वारा घेतला आणि वरच्या गवंड्याला म्हणाले, “तू थांब जरा. ती वीट पुन्हा एकदा वाजव. आवाज बद्द येतोय.”